आधी ओरड, मग खात्री

१४ एप्रिल, सोमवार

टीव्हीवर माझं नाव आलं तेव्हा केक संपत आला होता. माझी धाकटी बहीण डॉर्कस, तिला धीर निघत नव्हता, आणि खेळाडू निवडण्याची दुसरी फेरी संपल्यावर आईच म्हणाली, आता कापून टाका, उगाच सुकेल. मग तिसऱ्या फेरीत, निम्म्या घराच्या तोंडात केक असताना, मिलवॉकी हेरन्स या बास्केटबॉल संघाने केझाया ब्रँडवोल्ड हे नाव घेतलं. क्षणभर कुणीच काही बोललं नाही, कारण आमच्याकडे तोंडात घास असताना बोलत नाहीत. मग डॉर्कस टेबलावर चढली आणि आईने तिला उतरवलं नाही.

बाबा टोपी घालून शेडमध्ये गेले. मी मागून गेले तर ते ट्रॅक्टर बाहेर काढून भिंतीवरच्या बास्केटबॉलच्या कडीखालची जमीन झाडत होते. आता इथे कोण खेळणार आहे, असं मी विचारलं. ठाऊक नाही, म्हणाले, आणि झाडत राहिले.

तेव्हापासून फोन येताहेत. अभिनंदन करणाऱ्या प्रत्येकाला मी समजावून सांगितलं की निवड म्हणजे नोकरी नव्हे. संघात जागा बारा, सरावाला सोळा जणी, आणि तिसऱ्या फेरीतल्या मुली बहुधा मोसम सुरू व्हायच्या आत घरी परततात. विद्यापीठात चार वर्षं सगळ्यांत जास्त गुण मी केले हे खरं, पण सरावाला येणाऱ्या प्रत्येकीने आपापल्या विद्यापीठात तेच केलेलं असतं. आमच्या चर्चच्या पास्टर ऊलसन यांना हे सांगत असताना आईने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि त्यांना म्हणाली, ती फार आनंदात आहे.

आहेच. तेही लिहून ठेवायला हवं.

२७ एप्रिल, रविवार

सरावाचा पहिला दिवस. इथल्या बायका माझ्याइतक्याच उंच आहेत, पण त्यांना धडकलं की कपाटाला धडकल्यासारखं वाटतं. नेम मात्र ठीक पडत होता. मला त्यात दोन चेंडू नशिबाने गेल्यासारखे वाटले. ते मी कोच क्रुपा यांना जाऊन सांगितलं. त्या सूर्यफुलाच्या बिया चावत होत्या. माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, "कळवल्याबद्दल आभारी आहे."

खरी अडचण वेगळीच आहे. समोरच्या संघातली एखादी येऊन आपल्या मुलीच्या वाटेत भिंतीसारखी उभी राहते. आपल्या मुलीची तिच्याकडे पाठ असते, तिला ते दिसत नाही. मागून जिला दिसतं तिने ओरडायचं. "बदल!" म्हणजे दोघींनी आपण अडवतोय त्या समोरच्या मुलींची अदलाबदल करायची, "राहा!" म्हणजे जिने तिने आपल्याच मुलीला चिकटून राहायचं. दोन शब्द आहेत. सहा वर्षांच्या मुलीला पाठ होतील. पण मी ते म्हणेपर्यंत समोरची गुण करून परत गेलेली असते.

शाळेऐवजी आई घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आम्हा सहा भावंडांना एकदम शिकवायची. सगळ्यांनी एकदम उत्तरं दिली तर छत उडालं असतं, म्हणून नियम होता: खात्री असेल तरच तोंड उघडायचं. त्या टेबलावरची सगळ्यांत गुणी विद्यार्थिनी मी होते. विद्यापीठातल्या कोचने दुसऱ्या वर्षी नाद सोडला आणि बाकीच्यांना सांगितलं, हिच्या वाटचं तुम्हीच ओरडा, ही गुण करेल.

इथे कुणी माझ्या वाटचं ओरडत नाही. डेल्फीन गॅस्टन तर नाहीच. ती या संघाची जुनी खेळाडू, दक्षिणेकडच्या लुइझियानाची, वय छत्तीस. दोन्ही गुडघ्यांना बर्फ बांधून जेवायला बसते. माझ्यामुळे तिला आज तीनदा पाठमोरी असताना धडक बसली. तिसऱ्यांदा ती जमिनीवरूनच म्हणाली, "ही मौनीबाई कुठून आणली?"

मी म्हणाले, "साउथ डकोटाहून, मॅम."

सगळ्या हसल्या. का ते कळलं नाही, तिने विचारलं म्हणून मी सांगितलं. उठताना ती म्हणाली की पुन्हा मॅम म्हणालीस तर तुझ्या बुटांत बर्फ भरीन, मी काही तुझी मास्तरीण नाही.

कपडे बदलायच्या, कपाटांच्या खोलीत हलक्या आवाजात चाललेलं ऐकलं: अकरा जागा ठरल्यात. बाराव्या जागेला एक तर डेल्फीन, नाही तर नव्या पोरींपैकी कुणी. म्हणजे ती माझा राग राग करते ते बरोबरच आहे.

२९ एप्रिल, मंगळवार

नव्या मुलींनी लहान मुलींची दप्तरं पाठीला लावून फिरायचं, असा रिवाज आहे. माझं गुलाबी आहे, त्यावर शिंग असलेला घोडा आहे, आणि पट्टे माझ्या काखेपर्यंतच येतात. सकाळी सगळ्यांसाठी डोनट आणणं हेही माझंच काम. दप्तर रविवारी चर्चलाही न्यायचं का, असं मी विचारलं. डेल्फीनने चेहरा सरळ ठेवून सांगितलं की मुख्य म्हणजे चर्चलाच.

सराव संपला की ती रोज कोच क्रुपांच्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. आज काचेतून दिसलं, ती हात हलवत होती आणि कोच लिहून घेत होत्या. पाठमोरी असताना धडक बसते त्याबद्दलच असणार. तिच्या जागी मी असते तर मीही तक्रार केली असती. नाही, केली नसती. पण तिला हक्क आहे.

२ मे, शुक्रवार

इथे शुक्रवारी सगळं शहर तळलेला मासा खातं. डेल्फीन आम्हा सात जणींना तळ्याकाठच्या एका जुन्या खानावळीत घेऊन गेली. एवढी गर्दी, की शेजारचीच्या कानात बोलावं लागत होतं. स्वयंपाकघराची खिडकी पार दुसऱ्या टोकाला. तिथे जाऊन सांगायचं असतं, पण डेल्फीनने मला टेबलापाशीच उभं केलं.

"इथून सांग."

"इथून त्यांना ऐकू येणार नाही."

"मग आज आठ जणी उपाशी."

मी प्रत्येकीला विचारलं, मनात दोनदा उजळणी केली, आणि तिसऱ्यांदा करायला लागले तेव्हा आमची सगळ्यांत उंच खेळाडू, मार्टा, टेबलावर डोकं ठेवून मेल्याचं सोंग करायला लागली. मग मी एकेका माशाचं नाव घेऊन ओरडले. पर्च चार, कॉड तीन, वॉलाय एक, बटाट्याचं थालीपीठ सगळ्यांना. थालीपीठ म्हणताना आवाज चिरकला. अख्खी खानावळ क्षणभर गप्प झाली, आणि खिडकीतून एक हात वर आला.

ताटं आल्यावर लक्षात आलं की डेल्फीननेही वॉलाय मागितला होता आणि मी तिला कॉडमध्ये मोजलं होतं. एकुलता वॉलाय मार्टासमोर होता आणि अर्धा संपलेला होता. मी तिचं ताट परत न्यायला उठले. डेल्फीनने ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"आलं ना जेवण? सगळ्यांना एकदमच आलं ना?"

"पण चुकीचं आलं."

"गरम आहे," ती म्हणाली आणि खायला लागली.

तिला कॉड आवडत नाही हे मार्टाने नंतर सांगितलं. तिने सगळा संपवला. तो माझ्यावरचा राग होता की काय होतं, मला ठरवता येत नाही.

६ मे, मंगळवार

सुट्टी. डेल्फीनने दुपारी मला कपड्यांच्या दुकानात नेलं. मला विचारून नाही. गाडी दाराशी आणून म्हणाली, बस. तिला जाकीट घ्यायचं होतं आणि खरं सांगणारं माणूस सोबत हवं होतं. "तू नशिबाने गेलेले चेंडूसुद्धा कळवतेस. तू चालशील."

तिने सात-आठ जाकिटं घातली. प्रत्येक घालून आरशासमोर विचित्र काहीतरी करायची: दोन्ही हात वर करायची, टाळ्या वाजवायची, उकिडवी बसायची, पुन्हा हात वर. दुकानातल्या बाईंनी विचारलं, काय समारंभ आहे. डेल्फीन म्हणाली, फार मोठा, आणि पुष्कळ दिवस चालणारा. लग्न असेल. पण लग्नात कोण उकिडवं बसतं? दक्षिणेकडे बसत असतील.

राखाडी सगळ्यांत छान दिसत होतं. निळ्यात हात वर केल्यावर पाठीवर सुरकुती पडते, हे मी सांगितलं. तिने राखाडी घेतलं.

परतताना गाडीत तिने विचारलं, पाठीमागून कुणी येताना दिसलं की माझ्या डोक्यात नेमकं काय होतं. मी सांगितलं: आधी वाटतं बदल. मग वाटतं, पण राहा असेल तर? मग योजना आठवते, मग ती बरोबर आठवली का ते तपासते.

"पहिलं जे वाटतं ते किती वेळा बरोबर निघतं?"

मी खिडकीबाहेर बघत विचार केला. सरावाची फिल्म बघून तपासलेलं होतं, त्यामुळे खात्रीने सांगता आलं. "बहुतेक वेळा."

"आणि तू म्हणतेस किती वेळा?"

उत्तराची वाट न बघता तिने गाडी वळवून कस्टर्डच्या, म्हणजे इथल्या घट्ट आइस्क्रीमच्या, दुकानापाशी थांबवली आणि मला माझं कस्टर्ड खिडकीतून ओरडून मागायला लावलं. खिडकी दोन हातांवर होती. आतला माणूस दचकला.

१० मे, शनिवार

आज घराजवळच्या माझ्या विद्यापीठात पदवीदान होतं. सरावामुळे मला जाता येणार नव्हतं. मी कुणाला बोलले नव्हते. आईला म्हणाले होते की कागद टपालाने येतोच.

सराव संपवून आत आले तर कपाटांच्या खोलीत दिवे मालवलेले. मला वाटलं मी उशीर केला, म्हणून क्षमा मागायला लागले. दिवे लागले तेव्हा पंधरा बायका अंगाभोवती टॉवेल गुंडाळून दोन रांगांत उभ्या होत्या. कोच क्रुपांनीही टॉवेल घेतला होता. मार्टा तोंडाने मिरवणुकीची धून वाजवत होती, फार वाईट. डेल्फीनने माझ्या डोक्यावर सरावातला नारिंगी शंकू ठेवला, त्याच्या टोकाला बुटाची नाडी बांधलेली, आणि पदवीदानात टोपीचा गोंडा सरकवतात तशी ती उजवीकडून डावीकडे सरकवली. पदवीचा कागद म्हणून गुंडाळलेली चिकटपट्टी दिली.

फोन कपाटाला टेकवून ठेवला होता. त्यात आमचं स्वयंपाकघर दिसत होतं. आई, बाबा, सगळी भावंडं चांगले कपडे घालून टेबलाभोवती बसलेली. त्यांना कुणी कळवलं ते कुणी सांगितलं नाही. बाबांनी टाय लावला होता. मी बाबांना टायमध्ये आजीच्या अंत्यविधीनंतर पाहिलं नव्हतं.

"भाषण," डेल्फीन म्हणाली.

माझी तयारी नाही, असं मी म्हणाले.

"उत्तम. मागच्या रांगेपर्यंत ऐकू येऊ दे."

काय बोलले ते आठवत नाही. जोरात बोलले, एवढं नक्की, कारण डॉर्कस म्हणाली की आमच्या कुत्र्याने भुंकून उत्तर दिलं. मग आई म्हणाली, हिला एवढ्या मोठ्याने बोलताना मी कधीच ऐकलं नाही. फोनमध्ये ती चष्मा पुसत होती. चष्म्यावर डाग असावा.

डोक्यावरून शंकू काढायला मी विसरले आणि तसाच घालून डोनटच्या दुकानात गेले.

१२ मे, सोमवार

काल शिकागोविरुद्ध सराव-सामना झाला. हे नीट आणि खरं लिहायला हवं.

शेवटची मिनिटं, आम्ही एका गुणाने पुढे, कोचने मला आत ठेवलेलं. त्यांची मधली खेळाडू अवाढव्य आहे, म्हणून आमची योजना साधी होती: तिने वाट अडवली तर काही झालं तरी "राहा". बदल केला तर आमची बुटकी मुलगी त्या बाईसमोर उघडी पडते. हे फळ्यावर लिहिलं होतं. मी ते पाठ केलं होतं.

ती बाई डेल्फीनच्या पाठीशी येऊन उभी राहिली. मागून मला दिसलं. आणि मी ओरडले, "बदल!"

तोंडातून निघताक्षणीच कळलं की चुकलं. पण तोवर पाचही जणी फिरल्या होत्या. डेल्फीनसुद्धा. ती माझ्याहून बोटभर कमी, आणि जाऊन त्या बाईसमोर उभी राहिली, पाय रोवून, दोन्ही कोपरं बाहेर काढून. शिकागोच्या मुलींना आम्ही जिथे असायला हव्या होतो तिथे कुणीच सापडेना. जिथे नसायला हव्या होतो तिथे आम्ही सगळ्या. चेंडू असलेलीने एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, शेवटी उंच फेकला, ती अवाढव्य बाई आणि डेल्फीन दोघी खाली आपटल्या आणि वेळ संपल्याचा भोंगा वाजला. चेंडू आमचा. आम्ही जिंकलो.

डेल्फीन लंगडत उठली आणि हसत होती. एवढी हसत होती की मार्टाला तिला धरावं लागलं.

मी तिला विचारलं, योजना तुला माहीत होती ना?

"मीच बनवलीय ती."

"मग तू का फिरलीस?"

"तू म्हणालीस म्हणून." आणि बर्फ आणायला गेली.

मी तिथून सरळ कोच क्रुपांकडे गेले आणि सांगितलं की ती हाक चुकीची होती, तिचं श्रेय मला मिळू नये. त्यांनी बियांची पुडी खाली ठेवली. म्हणाल्या, "चुकीची होती हे पहिल्या रांगेत बसलेल्या आजीबाईंनाही कळलं. पाच जणी मिळून चुकलात, ते मला चालतं. एक जण मनातल्या मनात बरोबर आणि चार जणी खड्ड्यात, हे नाही चालत. दोन आठवडे मी तेच बघत होते. जा, जेव."

आज विचार करतेय. माझं चुकलेलं कुणी दुरुस्त केलं नाही, म्हणून ते चाललं. मला हे अजून पचत नाही. पण काल रात्री झोप फार छान लागली.

१५ मे, गुरुवार

ज्यांना काढायचं त्यांना सकाळी नऊच्या आत फोन येतो. मी आठ वाजता सामान बांधून, पलंग आवरून, उशीचा अभ्रासुद्धा घडी करून फोनसमोर बसले. फोन आला नाही. तो चालू आहे का हे बघायला आईला फोन केला. तर ती पहिल्याच घंटेला उचलून म्हणाली, नऊ वाजेपर्यंत हा फोन मोकळा ठेव, आणि ठेवून दिला.

नऊ वाजून गेले. मी सरावाला गेले. कपाटांच्या खोलीत माझ्या कपाटावर नाव होतं, कागदाचं नाही, पितळी. आणि शेजारचं डेल्फीनचं कपाट रिकामं. बूट नाहीत, मलमं नाहीत, तिच्या आईचा फोटो नाही.

मला आनंद झाला होता, बहुधा तीन श्वासांपुरता. मग वाटलं, हे बरोबर नाही. जिने मला कस्टर्ड मागायला शिकवलं तिचीच जागा मी घेतली. मी कोच क्रुपांकडे गेले आणि सांगितलं की मला संघात घेतल्याबद्दल मी ऋणी आहे, पण बारावी जागा डेल्फीनला द्यावी. माझं सामान बांधलेलंच आहे.

"ब्रँडवोल्ड, तुला घरी जायचंय?"

"नाही."

"खेळायचंय?"

"फार."

"मग हे काय चाललंय?"

 कोचनी दाराकडे मान वळवून हाक मारली, आणि शेजारच्या खोलीतून डेल्फीन आली. राखाडी जाकीट घातलेलं, बाहीला दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती. गळ्यात शिट्टी.

कोच म्हणाल्या, ही तुझ्यासाठी जागा सोडायला निघालीय.

डेल्फीनने मला खुर्चीत बसवलं. म्हणाली, "नीट ऐक. मी मार्चमध्येच सांगून टाकलं होतं, सराव संपेपर्यंत पळते आणि मग बाजूला उभी राहते. गुडघे गेले म्हणून. तुझ्यासाठी नाही. एवढा मोठेपणा घेऊ नकोस."

"मग रोज दार लावून..."

"कोण कुठे कमी पडते ते सांगत होते. मदतनीस कोचचं तेच काम असतं. तुझी पानं सगळ्यांत जास्त भरली."

"मला वाटलं, तुला लग्नाला जायचंय."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मग कोच क्रुपांना बी लागून ठसका आला आणि डेल्फीनला त्यांच्या पाठीत धपाटे घालावे लागले. ठसका थांबल्यावर डेल्फीन म्हणाली की जागा कुणी कुणाला दिलेली नाही, चार जणी तिच्यासाठी भांडत होत्या आणि मी ती घेतली, आता उठ आणि सामान सोड.

"हो, मॅम."

"तुला सांगितलंय मी, मॅम म्हणायचं..."

"आता तुम्ही कोच आहात," मी म्हणाले.

तिने कोच क्रुपांकडे पाहिलं, जाकिटाकडे पाहिलं. "बरं. आता म्हण."

बाहेर येऊन घरी फोन केला. बाबांनी उचलला. मी सांगितलं. मागे आईचा आवाज आला, काय झालं, काय झालं, आणि मग बाबा घरभर ओरडले. बाबा. मी फोन कानापासून लांब धरला.

१७ मे, शनिवार

पहिला सामना. दुपारचा. घरचे सगळे व्हॅनमधून आले. काल सकाळी निघाले होते. डॉर्कसने माझं नाव पाठीवर रंगवलेला शर्ट घातला होता, रंग ओला असतानाच, त्यामुळे त्यांच्या मागच्या रांगेतल्या एका माणसाच्या गुडघ्यांवरही आता माझं नाव आहे.

एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. कोचने मला दुसऱ्या भागात आत घातलं, आणि नंतर पुन्हा शेवटी. एक चेंडू कडीत गेला, एक लागून परत आला. ते असू दे. लिहायचं आहे ते शेवटचं.

दोन गुणांनी पुढे होतो. त्यांची एक मुलगी वाट अडवायला धावत आली आणि बाजूला उभी असलेली डेल्फीन, हात वर करून, उकिडवी बसून, ओरडली, "बदल!" तिचा आवाज त्या गोंगाटातही येतो. तिला खेळ माझ्याहून चौदा वर्षं जास्त कळतो. पण मी मागे होते, आणि मला त्या मुलीची टाच दिसली. ती थांबणार नव्हती, थांबल्यासारखं करून पळणार होती. असं मला वाटलं. वाटलं एवढंच. तपासायला वेळ नव्हता.

मी ओरडले, "राहा! राहा! राहा!"

चौघी राहिल्या. कोचचं न ऐकता माझं ऐकून राहिल्या. त्या मुलीला मोकळी जागा मिळाली नाही, दुसरीने लांबून चेंडू टाकला, तो कडीवर दोनदा उडाला आणि बाहेर पडला, मार्टाने झेलला, आणि मग सगळं घर, म्हणजे सगळं मैदान, उठून उभं राहिलं.

डेल्फीन कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. जवळ गेले तेव्हा म्हणाली, "मी बदल म्हणाले होते."

मला बोलता येईना. आवाज गेलाय, अगदी पूर्ण, शिट्टीसारखी हवा तेवढी येते. मी फक्त मान हलवली.

"फिल्म सोमवारी बघू. तेव्हा कळेल कोण बरोबर," ती म्हणाली, आणि माझ्या मानेवर एवढी जोरात थाप मारली की अजून हुळहुळतंय. रागावली होती की काय कळलं नाही. मग ती थेट आमच्या घरच्यांकडे गेली आणि आईला तिने बराच वेळ काहीतरी सांगितलं, दोन्ही हात हलवत, आणि आई हसत होती.

मी बदल म्हणायला हवं होतं का? चेंडू तसाही बाहेर गेला असता का? मला ठाऊक नाही. सोमवारपर्यंत ठाऊक होणार नाही.

मी खोलीवर फक्त कपडे बदलायला आलेय आणि हे लिहीत बसले. खाली व्हॅनचं दार उघडं आहे, सगळे जण आत बसलेत, भूक लागलीय, आणि डॉर्कस रस्त्यात उभी राहून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं माझं नाव पुकारतेय. मला उत्तर देता येत नाही. धावत जाते.